आठ पांढरे बाण

अमेरिकेतल्या भाच्याने बोट घेतली, वीस फुटी. फोनवर कुरकुरत होता, "मामा, सोळा फुटांच्या वरच्या बोटीला समुद्रावर संकटाचा इशारा देण्याचं साधन लागतंच. म्हणून फ्लेअर गन घेतली. तर फ्लेअरची मुदत ४२ महिनेच!"

मला टायटॅनिक आठवली. १५ एप्रिल १९१२ ची मध्यरात्र उलटलेली. काही मैलांवर थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन'वरच्या अधिकाऱ्यांनी आठ पांढरे बाण पाहिले, कप्तान लॉर्डना कळवलंही. त्यांचा प्रश्न, "कंपनीचे इशारे आहेत का?" कारण तेव्हा जहाज कंपन्याही आपली ओळख सांगायला बाण उडवत, आणि संकटाचा बाण कुठल्याही रंगाचा चालायचा. थोड्या थोड्या वेळाने एकेक बाण म्हणजे संकट, हे मात्र तेव्हाही ठरलेलं होतं. तरी वायरलेसवाल्याला पहाटेपर्यंत कुणी उठवलं नाही. सुमारे दीड हजार माणसं गेली.

आज १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाल फ्लेअर म्हणजे संकट, आणि गंमत म्हणून तो उडवायला बंदी. म्हणजे बघणाऱ्याला शंकेला जागाच नको.

भाच्याला म्हटलं, "बाबा रे, दिवाळीला उडवू नकोस, आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. इशारा दिसणं वेगळं, कळणं वेगळं."