देवराई : देवळाच्या आधीची ठेव

श्रीकृपेने व देणगीदारांच्या सढळ हातांनी आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला. देवळाची हकिगत या स्मरणिकेत अन्यत्र आलीच आहे. परंतु देवळामागे उभ्या असलेल्या राईचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा अल्प प्रयत्न.

कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात पुष्कळ ग्रामदेवता मुळात देवळात नव्हत्याच. दाट झाडीत एखादी अनघड शिळा, तिला शेंदूर आणि वर आभाळ. देवाला छप्पर चालत नाही, अशी समजूत काही गावांत अजून आहे. म्हणजे राई आधीची, देऊळ मागाहूनचे. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी फाटीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक. देवळाला वासा हवा असला तरी गुरव आधी कौल लावी. याला कोणी अंधश्रद्धा म्हणोत. पहारेकऱ्यांना जे साधले नाही ते या धाकाने साधले, असे आमचे मत आहे.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर कित्येक राया सरकारी जंगलात गेल्या. पुढे कोळशाच्या भट्ट्या व लाकडाचे ठेके आले. १९७० नंतरच्या वर्षांत पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील राया हिंडून पाहिल्या. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावाने आपली राई तोडीतून वाचवावी म्हणून त्यांना गाठले. गावकऱ्यांची काळजी देवाच्या कोपापुरती नव्हती. राई गेली तर ओढा आटेल, हे ते जाणून होते. ती तोड टळली.

ओढा टिकतो तो पालापाचोळ्यामुळे. पावसाचे पाणी त्यात मुरते, धावत नाही. जुन्या झाडांचे काम आणखी निराळे. धनेश पक्ष्याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून फळे भरवतो. हाच पक्षी रानफळांच्या बिया दूरवर टाकतो. जुना बेहडा पडला की ढोली गेली, ढोली गेली की धनेश गेला आणि त्याच्यामागे पुढची झाडेही. त्या जागी हौसेने लावलेला गुलमोहर तर मादागास्करचा पाहुणा. त्याच्याकडून हे काम व्हायचे नाही.

स्पष्ट लिहितो, राग नसावा. अलीकडे ठेकेदारापेक्षा जीर्णोद्धारानेच राया अधिक आक्रसताना दिसतात. सभामंडप वाढतो, मोटारींसाठी जागा होते, अंगणाला फरशी येते आणि स्वच्छतेच्या नावाखाली झुडपे व वेली छाटल्या जातात. गारंबीसारखा प्रचंड वेल असाच नाहीसा होतो. यापुढे ज्यांना देणगी द्यावयाची असेल त्यांनी ती फरशीऐवजी राईभोवतीच्या गडग्यासाठी द्यावी, ही विनंती.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. झाडे नावानिशी ओळखणारी वडीलधारी माणसे वाडीवाडीत मोजकीच उरली आहेत. येत्या पालखीला मुंबईकर मंडळी गावी येतील, तेव्हा तरुणांनी या वडिलांना राईत न्यावे आणि त्यांनी सांगितलेली नावे वहीत उतरवून घ्यावीत.