गुन्हेगारी पूर्वेतिहासाची नोंद (मोफत विधी साहाय्यात)

आरोपीवर पूर्वी दाखल झालेले गुन्हे, प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा यांची पोलीस, न्यायालय व तुरुंग यांच्या दफ्तरी असलेली माहिती. भारतात अटकेत असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही नोंद मात्र त्या वकिलाच्या हाती आपोआप येत नाही.

खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट वर्तन सहसा पुरावा ठरत नाही. जामिनाच्या वेळी मात्र त्याला मोठे वजन येते. सरकारी पक्षाच्या लेखी म्हणण्यात (‘से’मध्ये) जुन्या गुन्ह्यांचे क्रमांक असतात, पण त्यांचा निकाल काय लागला हे पुष्कळदा नसते. निर्दोष सुटलेला माणूसही त्यामुळे सराईत भासतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश मुदत तुरुंगात काढली, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. इतरांसाठी ही मुदत निम्मी. देहान्त वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असल्यासही अडसर आहे. म्हणजे ‘दाखल’, ‘प्रलंबित’ आणि ‘दोषी’ यांतला फरक कागदोपत्री दाखवता आला, तरच सुटका.

पोलिसांची सीसीटीएनएस आणि तिला न्यायालय, तुरुंग, अभियोग व न्यायवैद्यक विभागांशी जोडणारी आयसीजेएस या प्रणाली शासकीय यंत्रणांसाठी उभारल्या आहेत. या पाच विभागांत बचाव पक्ष नाही. महाराष्ट्रात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयातील वकिलाला मग ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा लागतो. सारख्या नावांची अनेक माणसे निघतात; वडिलांचे नाव, पत्ता, गुन्हा क्रमांक ताडून पाहावे लागतात आणि निकालाच्या प्रतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

याची झळ फासेपारध्यांसारख्या विमुक्त जमातींना सर्वाधिक बसते. त्यांना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय उरला. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला मोफत वकिलाबरोबर निकालाची प्रतही विनामूल्य मिळाली पाहिजे, असे सांगितले. तोच न्याय पूर्वेतिहासाच्या नोंदीला लावून, निकालासह तिची प्रत जामीन सुनावणीआधी बचावाच्या वकिलाला देणे रास्त ठरते.