वाहतुकीचा गोंगाट आणि हृदयविकार (खराडी)

रस्ते, विमाने व रेल्वे यांचा आवाज वर्षानुवर्षे सोसल्याने हृदय व रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम. बहिरेपणाशी याची गल्लत करू नये. कानाला इजा करणाऱ्या पातळीच्या बऱ्याच खाली, ५०-६० डेसिबेलच्या टप्प्यातच, हा परिणाम दिसू लागतो.

स्थळ : मुळा-मुठेकाठचे खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. ईऑन आयटी पार्क उभे राहिले तशा उंच इमारतीही वाढल्या. नगर रस्त्याला खराडी बायपास चौकात मुंढव्याकडून येणारा रस्ता मिळतो. मराठवाडा-विदर्भाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स रात्री इथे प्रवासी घेतात. इंजिन चालूच असते, क्लीनर गावांची नावे पुकारत असतो आणि मागे अडकलेला ट्रक हॉर्नवरचा हात काढत नाही. विमानतळ व हवाई दलाचा तळ उत्तरेला लोहगावात आहे. धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने उतरणाऱ्या विमानांची सरळ वाट खराडीवरून जात नाही. सुखोई या लढाऊ विमानांचा आवाज मात्र दारे-खिडक्या लावूनही आत येतो.

कार्यकारण : माणूस झोपला तरी कान जागेच असतात. अचानक आवाज झाला की अनुकंपी चेतासंस्था चेतते, अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलीन व कॉर्टिसोल स्रवतात, नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. जाग यावीच लागते असे नाही. युरोपातील विमानतळांजवळच्या १४० रहिवाशांच्या २००८ मधील पाहणीत, झोपेत विमान जाताच वरचा रक्तदाब सरासरी ६ मिमी पाऱ्याने वाढल्याचे आढळले. जर्मनीतील माइन्झ येथे टोमास म्युन्त्सेल यांच्या गटाने २०१३ मध्ये निरोगी तरुणांना रात्रभर विमानांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटलेली आणि अ‍ॅड्रिनलीन वाढलेले होते. ‘आम्हाला आता सवय झाली’ असे रस्त्याकडेचे रहिवासी सांगतात. ती सवय मनाची असते. रक्तवाहिन्यांना ती पुरेशी लागत नाही.

पुरावा : हीथ्रो, स्किपोल, अथेन्स यांसह सहा विमानतळांभोवती ४५ ते ७० वयाच्या ४,८६१ व्यक्तींची तपासणी झाली (हायेना अभ्यास, २००८). रात्रीचा विमानांचा आवाज १० डेसिबेलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार रस्त्याचा आवाज ५३ डेसिबेलच्या वर गेल्यास दर १० डेसिबेलमागे हृद्‌रोहिणीविकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. या निष्कर्षाला उच्च प्रतीचा दर्जा दिला आहे. रक्तदाबाबाबतचा पुरावा त्या मानाने कमकुवत ठरवला आहे. भारतात पश्चिम बंगालमधील आसनसोल येथे असा अभ्यास झाला आहे. जो ट्रक आवाज करतो तोच धूरही सोडतो, त्यामुळे दोहोंचा वाटा वेगळा काढण्याबाबत मतभेद आहेत.

लोहगावची रात्रीची प्रवासी उड्डाणे २०२०-२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी सुमारे वर्षभर बंद होती. भोवतालच्या वस्तीचा रात्रीचा रक्तदाब तेव्हा आणि उड्डाणे पुन्हा सुरू झाल्यावर मोजून ताडून पाहण्याची ती आयती संधी होती.

कायदा : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, तर व्यापारी भागात ६५ व ५५ ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. आयटी पार्कमधून पहाटे कॅबने परतून दिवसा झोपणाऱ्याची रात्र या व्याख्येत बसत नाही, आणि खराडीत असे लोक थोडे नाहीत. डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर राज्यातील मोठ्या शहरांचे ध्वनिमापन नीरी या संस्थेमार्फत झाले.

उपाय : वाहने निम्मी झाली तरी पातळी जेमतेम ३ डेसिबेलने उतरते; एकच कर्कश हॉर्न बंद होण्याचा झोपेला होणारा लाभ त्याहून अधिक असू शकतो. झोपण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूस असणे आणि दुहेरी काचेच्या खिडक्या यांचाही उपयोग होतो.

रेल्वे व मेट्रो : खराडीतून लोहमार्ग जात नाही. रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तिथून वाघोलीकडील विस्तार मंजूर आहे.