शेपटी न गाळणारा कोंबडा : जपानची ओनागादोरी

पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावात परसात वावरणारा गावठी कोंबडा वर्षातून एकदा पिसे गाळतो. शेपटीतील कोयत्यासारखी वाकलेली पिसेही त्यात झडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. त्यामुळे शेपटी ठरावीक लांबीपलीकडे वाढत नाही. जपानमधील ‘ओनागादोरी’ जातीच्या नरात मात्र हा क्रम खंडित झालेला आहे. त्याच्या शेपटीची काही पिसे गळत नाहीत, वर्षाला सुमारे पाऊण ते एक मीटर वाढत राहतात. दहा मीटरांहून लांब शेपटीचीही नोंद आहे.

ही जात शिकोकू बेटावरील कोची प्रांतात एदो काळात विकसित झाली. पांढरा-काळा, शुभ्र आणि तांबूस हे तिचे प्रमुख रंग. मादीची शेपटी लांब नसते; परंतु न गळण्याचा गुण तिच्याकडूनही पुढे जातो. तो तिच्यात दिसत नसल्याने तिची पारख तिच्या नर पिल्लांवरूनच करावी लागते. लांब शेपटी मिलनात आड येते आणि तुटते. म्हणून पैदाशीच्या नराची शेपटी बांधतात किंवा कापतात.

शेपटी जपण्यासाठी नराला ‘तोमेबाको’ नावाच्या उंच, अरुंद खुराड्यात दांडीवर बसवतात. त्याला बाहेर फिरवताना पिसे मळू नयेत म्हणून पाळणारा शेपटी हाती धरून मागून चालतो. सौंदर्याची ही किंमत पक्ष्याला मोकळ्या वावराच्या रूपाने मोजावी लागते.

एकोणिसाव्या शतकात लांब शेपटीचे जपानी पक्षी युरोपात गेले. तेथील कोंबड्यांशी संकर होऊन जर्मनीत ‘फिनिक्स’ जात तयार झाली. ती देखणी असली, तरी सहसा पिसे गाळते. तिची शेपटी ओनागादोरीइतकी वाढत नाही. बाहेरचे रक्त मिसळताच हा गुण विरतो. उलट, थोड्याच पक्ष्यांत पैदास होत राहिली, तर जवळच्या नात्यातील संयोगामुळे जोम आणि प्रजननक्षमता घटते. पैदास करणाऱ्याला या दोन्ही धोक्यांमधून वाट काढावी लागते.

जपानने या जातीला १९२३ साली नैसर्गिक स्मारकाचा आणि १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. देशी कोंबड्यांच्या अनेक जातींना तेथे संरक्षण असले, तरी ‘विशेष’ दर्जा एकट्या ओनागादोरीला आहे. परंतु दर्जाने शेपटी वाढत नाही. शुद्ध वाण राखून रोजची निगा घेणारे पाळणारे असतील, तोवरच ती टिकेल.