ताटी कुणावर लागली?

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी लागते. उत्तरेला गोदावरी आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैठण आणि आपेगाव, तर पलीकडे जालना जिल्ह्यात रामदासांचे जन्मगाव जांब. क्रोधाविषयी मराठीत जे मूलगामी चिंतन झाले, त्यातील बरेचसे या गोदाकाठच्या माणसांचे आहे. ते आपण अध्यात्म म्हणून शिकवतो. त्यात घराचा इतिहासही दडला आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

१२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात क्रोधाचे लक्षण येते. तापलेल्या तेलात गार पाणी पडावे आणि आगीचा भडका उडावा, चंद्र पाहून कोल्ह्याने जळावे, अशा उपमा तेथे आहेत. क्रोध अपमानानेच पेटतो असे आपण धरून चालतो. ज्ञानदेवांच्या मते दुसऱ्याचे सुख, विद्या, ऐश्वर्य एवढे कारणही त्याला पुरते. हे निदान सूक्ष्म आहे, परंतु त्यात राग कोठून येतो तेवढेच कळते.

तो कोठे जातो हे रामदास सांगतात. दासबोधातील तमोगुणाच्या समासात क्रोध अंगी भरलेल्या माणसाला आईबाप ओळखू येत नाहीत. भाऊ, बहीण, पत्नी यांना तो मारतो. ही यादी वाचकाने सावकाश पाहावी. तिच्यात सावकार नाही, पाटील नाही, वाटेत अपमान करणारा परका नाही. सगळी घरची माणसे. मानसशास्त्र ज्याला विस्थापन म्हणते, ते सतराव्या शतकातल्या या यादीत सरळ दिसते.

याच दृष्टीने मुक्ताबाईच्या नावावरील ताटीचे अभंग पुन्हा वाचावेसे वाटतात. कथा सर्वश्रुत आहे: संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी हिणवले, ज्ञानदेव उद्विग्न होऊन झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. आरडाओरड नाही, अपशब्द नाही. म्हणूनच हा राग चटकन राग वाटत नाही. पण हिणवले गावाने आणि दार बंद झाले ते बहिणीवर! मुक्ताबाईने तो ओळखला, कारण ती दाराच्या बाहेर उभी होती. तिची युक्तीही घरगुती आहे. आपलेच दात आपल्या जिभेला लागले म्हणून कोणी बत्तिशी पाडत नाही, असे ती समजावते. गावाचा अन्याय याने मिटत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तिची निकड वेगळी होती: आधी दार उघडायला हवे होते.

एकनाथांची गोदास्नानाची कथा अधिक सांगितली जाते. मला दुसरी अधिक अर्थपूर्ण वाटते. नाथांना राग आणून दाखवण्याची पैज घेतलेला एक गृहस्थ वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढून बसतो. पाहुणा पडेल, सांभाळ, असे नाथ म्हणतात. मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे, असे त्या उत्तरतात. शांतिब्रह्म म्हणून कीर्ती नाथांची झाली. पाठ गिरिजाबाईंची होती.

वडवणी परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते, त्याला उलट बोलता येत नाही. ते न बोललेले कित्येकदा रात्री कोपीत बायकोवर निघते. प्रत्येक कोपीत हेच घडते असे नव्हे, आणि बंगल्यांतही ते घडतेच. १९७२ साली दलित पँथरने जो संताप शब्दांत आणला, त्याचे तोंड अन्याय करणाऱ्याकडे होते. त्याला विकार म्हणण्याची घाई समीक्षेने करू नये. दिशा चुकलेला राग ही वेगळी जात आहे.

ताटीच्या अभंगांत ज्ञानदेवांचे उत्तर कोठेच नाही. ताटी पुढे उघडली असे परंपरा सांगते. संहितेत मात्र शेवटपर्यंत बाहेरून एकटी मुक्ताबाई बोलत राहते.