देवी गेल्या, कांजण्या राहिल्या

1974 साली मी आरोग्यखात्यात लागले, तेव्हा पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की पहिला प्रश्न एकच: देवी का कांजण्या? त्या वर्षी बिहारमध्ये देवींनी हजारो माणसं नेली. माझ्या पाहण्यात आमच्या भागात देवीचा रोगी कधी आला नाही, तरी शोधमोहीम होतीच. देवी आलेल्या पोराचं चित्र असलेलं कार्ड हातात घेऊन आम्ही कुरुंदवाडच्या गल्ल्यांत, तेरवाड-हेरवाडच्या वस्त्यांवर, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपटांत विचारत हिंडायचो. पुढे देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लागलं आणि लोक कांजण्यांची पोरं धरून आणू लागले. ‘‘बाई, नीट बघा की, देवीच हाय ही!’’ हजार रुपये तेव्हा थोडेथोडके नव्हते.

पाहायचं कसं, ते आम्हाला शिकवलेलं होतं. पोराचा सदरा वर करायचा. कांजण्या पोटापाठीवर दाट, हातापायांवर विरळ, तळहात-तळपाय बहुधा कोरे. वीतभर जागेत इथं लाल ठिपका, तिथं पाण्यानं भरलेला फोड, शेजारी वाळलेली खपली, कारण त्या दोन-तीन दिवस टप्प्याटप्प्यानं उठतात. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर जास्त, तळव्यांवरसुद्धा. खोल, टणक आणि एका जागचे सगळे एकाच अवस्थेतले. हे दोन आजार वेगळे आहेत, हे विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरानं 1767 मध्ये नीट मांडलं. आमच्या घराघरांत मात्र कांजण्या म्हणजे देवीची धाकटी बहीण, आणि थोरलीचा मान तिलाही द्यायचा.

आमच्या आजेसासूबाई संस्थानी कुरुंदवाडातल्या, थोरल्या पातीतल्या. (पटवर्धनांच्या संस्थानाच्या 1854 मध्ये दोन पात्या झाल्या, 1948 मध्ये दोन्ही विलीन झाल्या.) त्यांच्या गालांवर देवीचे वण होते, दंडावर टोचल्याची खूण नव्हती. वास्तविक लस या मुलखाला नवी नव्हती. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्याहून आलेली लस टोचली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातलं पाणी पुढच्या पोरांना. दंडावरून दंडावर अशी ती देशभर गेली. कुणाच्या अंगातलं पाणी कुणाच्या अंगात, यावरून सोवळ्यातल्या घरांनी हरकती घेतल्या. मग वासराच्या अंगावर लस वाढवू लागले. आमच्या जवळच्या बेळगावात त्यासाठीच व्हॅक्सिन डेपो उभा राहिला. टोचणं मात्र बरीच वर्षं दुखरंच होतं. दंडावर लसीचा थेंब ठेवून त्यावर दातेरी चकती दाबून फिरवायची. आमच्या हाती दोन टोकांची सुई आली, तेव्हा कुठे पोरं पळायची कमी झाली.

आजेसासूबाईंना यातलं काही ऐकायचं नसे. घरात कांजण्या आल्या की त्यांचा कायदा लागू. दाराला कडुलिंबाचा डहाळा, अंथरुणात पाला. फोडणी बंद, मटण बंद, पाहुणा बंद. खपल्या वाळेपर्यंत आंघोळ नाही. मग हळद-लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून देवीआईला दहीभाताचा नैवेद्य. थंडावा देऊन देवीला शांत करायचं, ही जुनी समजूत. कोल्हापुरात आषाढात पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाई देवीच्या पायरीवर ओततात, त्यातही मला हीच शांतवण दिसते.

या कायद्याची मी मनातल्या मनात पुष्कळ उलटतपासणी केली आहे. डहाळ्याला माझे पैकीच्या पैकी गुण. तो बघून शेजारची पोरं उंबऱ्याबाहेर थांबत, आणि कांजण्यांत तेच सगळ्यात मोलाचं. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पोर आजार वाटत असतं. फोडणी बंद केल्यानं विषाणूचं काही बिघडत नाही, पण तोंडात फोड आलेल्या पोराला तिखट नकोच. मऊ भात आणि ताक उत्तम. आंघोळीची बंदी मात्र मी मोडून काढली. कोमट पाण्यानं हलकी आंघोळ, सुती सैल कपडे, कॅलामाइन, आणि नखं अगदी मुळाशी कापलेली. खाजवून फोड चिघळतो, खरा वण त्यानंच राहतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, त्यानं यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.

आणि नैवेद्याची वाट बघत बसायचं नाही. धाप लागली, पोर गुंगीत गेलं, ताप चार दिवसांवर लांबला, की डॉक्टर. तान्हं बाळ, गरोदर बाई आणि मोठा माणूस यांच्या बाबतीत तर पहिल्याच दिवशी. मोठ्यांना कांजण्या फार जड जातात.

8 मे 1980 ला जागतिक आरोग्य संघटनेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कांजण्यांची लस तोवर जपानात तयार झाली होती. मिचिआकी ताकाहाशी यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजण्या फार जोरात आल्या होत्या. तो धसका घेऊन त्यांनी 1974 मध्ये ती बनवली. म्हणजे मी देवीचं कार्ड घेऊन हिंडत होते त्याच वर्षी! आपल्याकडे ती खाजगी दवाखान्यात मिळते. पंधराव्या महिन्याला एक डोस आणि किमान तीन महिन्यांनी दुसरा. सरकारी मोफत यादीत ती नाही, त्यामुळे ऊसतोडीच्या खोपटातल्या पोरापर्यंत ती पोचत नाही. आणि माघ-फाल्गुनात, टोळ्या फडात असतात तेव्हाच कांजण्यांचा जोर असतो.

आजेसासूबाईंना म्हातारपणी कमरेला नागीण उठली. तिची दोन टोकं जुळली तर माणूस जातं, या भीतीनं त्या बोटांनी अंतर मोजत बसत. टोकं जुळून कुणी मरत नाही. लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू नसांत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. त्या फोडांतल्या पाण्यानं, कांजण्या न झालेल्या पोराला कांजण्या येऊ शकतात. फोड वाळेपर्यंत नागीण कापडानं झाकून ठेवायची आणि तान्ह्या पणतूला त्यांच्या मांडीवर द्यायचं नाही, एवढं मी सांगितलं. देवीच्या लसीचं कधी ऐकून न घेणाऱ्या त्या बाईंनी हे मात्र लगेच मानलं.