युरोस्टारचा प्रवास : सरहद्द फलाटाच्या अलीकडेच

उपनगरी रेल्वेवर वाढलेल्या मुंबईकराला गाडीच्या बरेच आधी स्थानकावर पोहोचण्याची सवय नसते. अंधेरीच्या पुलावरून फास्ट लोकल येताना दिसली, की जिना उतरता उतरता ती गाठायची, ही आपली रीत. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी बोरिवलीला पंधरा मिनिटे आधी पोहोचलेला माणूस स्वतःला वक्तशीर समजतो. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारच्या बाबतीत ही सवय महागात पडते. सर्वसाधारण वर्गाच्या प्रवाशांसाठी तिचे प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधी बंद होते. गाडी वरच्या फलाटावर उभी असते, हातात तिकीट असते आणि तरीही आत जाता येत नाही.

यामागे कारण आहे ते सरहद्दीचे. रेल्वेने देशाची सीमा ओलांडण्याची आपल्याकडची ठळक आठवण म्हणजे १९७६ मध्ये सुरू झालेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबलेली समझौता एक्स्प्रेस. तिच्या प्रवाशांना अटारीला सामानसुमानासह उतरून कागदपत्रे आणि जकातीच्या रांगांमध्ये तिष्ठावे लागे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मध्येच अशी थांबवली, तर तिच्या वेगाला अर्थच उरणार नाही. म्हणून ब्रिटनने फ्रान्स, बेल्जियम आणि पुढे नेदरलँड्सशी करार करून दोन्ही देशांची तपासणी सुटण्याच्या स्थानकावरच आणली. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात फ्रान्सचे सीमा पोलीस बसतात, तर पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकात ब्रिटनचे अधिकारी. पॅरिसला उतरल्यावर पासपोर्टसाठी पुन्हा रांग नसते. पण व्हिसात काही खोट निघाली, तर प्रवासी लंडनमध्येच अडकतो आणि पॅरिसच्या हॉटेलचे पैसे भरलेले राहतात.

मुंबईतून निघणाऱ्या युरोप सहलींमध्ये लंडन-पॅरिस हा टप्पा अनेकदा युरोस्टारचा असतो. तेथे सहल-व्यवस्थापक पुढे असतो, पासपोर्टचा गठ्ठा त्याच्या हाती असतो आणि प्रवाशाला फारसे काही ठरवावे लागत नाही. मात्र स्वतःच आखणी करून निघणाऱ्यांनी, विशेषतः जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाता जाता दोन-चार देश पाहू इच्छिणाऱ्या आईवडिलांनी, तिकिटाच्या आधी व्हिसाचा हिशेब मांडलेला बरा.

व्हिसा दोन, प्रवेश किती?

ब्रिटन शेंगेन गटात नाही आणि कधी नव्हताही. त्यामुळे युरोस्टारने खाडी ओलांडणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला दोन स्वतंत्र व्हिसा लागतात : एक ब्रिटनचा, दुसरा शेंगेनचा. शेंगेन गटात आता २९ देश आहेत. डिसेंबर २००८ पर्यंत स्वित्झर्लंडचा व्हिसाही वेगळा काढावा लागत असे. ती कटकट मिटली आहे. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्तीत जास्त दिवस राहायचे आहे, त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार, त्याच्याकडे. ज्या दूतावासाची तारीख लवकर मिळेल तेथे अर्ज टाकण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. ती नियमाला धरून नाही आणि अर्ज फेटाळला गेल्यास शुल्कही परत मिळत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी हे शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो झालेला असावा लागतो. मे महिन्याच्या सुटीत अर्धे मुंबई उपनगर एकाच वेळी युरोपला निघाल्यासारखी गर्दी व्हिसा केंद्रांवर होते. तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये.

पासपोर्ट मागील दहा वर्षांतला आणि शेंगेन प्रदेश सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण असावे, या अटी बहुतेकांना ठाऊक असतात. दुर्लक्ष होते ते व्हिसाच्या चिकटपट्टीवरील एका लहानशा रकान्याकडे. त्यात प्रवेशांची संख्या दिलेली असते : एक, दोन किंवा अनेक. समजा, मुंबईहून विमानाने पॅरिसला उतरलात, चार दिवसांनी युरोस्टारने लंडनला गेलात आणि परतीचे विमान पुन्हा पॅरिसहून आहे. गार द्यू नॉरला फ्रेंच अधिकाऱ्याने तुम्हाला शेंगेनबाहेर गेल्याची नोंद करून सोडले, त्याच क्षणी एकेरी प्रवेशाचा व्हिसा संपला. त्यावर मुदत कितीही दिवसांची शिल्लक असो, लंडनहून परतताना सेंट पँक्रसच्या काचेमागचा अधिकारी त्या व्हिसावर आत घेणार नाही. विमान पॅरिसहून सुटणार आणि प्रवासी लंडनमध्ये.

यावर उपाय दोन. अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेशांची मागणी करावी आणि आराखड्यात लंडनचा टप्पा तारखांसह स्पष्ट दाखवावा. किंवा, अधिक सोपे म्हणजे, विमानाचे तिकीट असे काढावे की जाताना लंडनला उतरायचे आणि परतताना पॅरिस, झुरिक वा ॲमस्टरडॅमहून निघायचे. मग शेंगेनमध्ये एकदाच प्रवेश होतो आणि खाडीखालचा प्रवासही एकाच दिशेचा राहतो. ब्रिटनच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर मुदतीत अनेकदा जाता येते, त्यामुळे अडचण बहुधा शेंगेनच्या बाजूचीच असते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नियम थोडा सैल झाला आहे. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा रीतसर वापर केलेल्यांना दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो.

तपासणीतही बदल झाला आहे. युरोपीय संघाची प्रवेश-निर्गमन नोंदणी यंत्रणा १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवरील शिक्क्याची जागा घेणारी ही संगणकीय नोंद आहे. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे आधीच दिलेले असल्याने आपल्या प्रवाशांचे मुख्यतः छायाचित्र घेतले जाते. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. तो हिशेब पूर्वी शिक्के मोजून होत असे, आता यंत्र करते. मुलाकडे तीन-तीन महिने राहणाऱ्या आईवडिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बिअरच्या तळघरातून गाडीकडे

सेंट पँक्रसच्या दर्शनी इमारतीसमोर उभे राहिल्यावर मुंबईकराला आपले बोरीबंदर आठवल्याशिवाय राहत नाही. टोकदार कमानी, मनोरे, घड्याळ, विटा आणि दगड यांची ती सरमिसळ ओळखीची वाटते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, आराखडा करताना सेंट पँक्रस नजरेसमोर ठेवल्याचे अनेकदा सांगितले जाते. लंडनचे स्थानक १८६८ मध्ये सुरू झाले, आपले १८८८ मध्ये पूर्ण झाले. विल्यम बार्लो यांनी बांधलेल्या तेथील छपराला मध्ये एकही खांब नाही. रुंदी सुमारे ७३ मीटर. फलाट उंचावर असल्याने खाली जे तळघर तयार झाले, त्यात बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपे साठवत आणि खांबांमधील अंतरही पिंपांच्या मापाने ठरवले होते. आज युरोस्टारचा प्रवासी तिकीट-तपासणी, क्ष-किरण यंत्र आणि पासपोर्टचे सोपस्कार करतो ते याच तळघरात. गाडीचा क्रमांक पुकारला, की सरकत्या पट्ट्यावरून वर फलाटावर जायचे.

युरोस्टारची सेवा १४ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे लंडनमधले स्थानक वॉटर्लू होते. नेपोलियनच्या पराभवाचे नाव मिरवणाऱ्या स्थानकावर फ्रेंच प्रवाशांना उतरावे लागे, हा विनोद तेरा वर्षे चालला. १४ नोव्हेंबर २००७ रोजी नवा जलद मार्ग पूर्ण झाला आणि गाड्या सेंट पँक्रसला आल्या. आता पॅरिसला सुमारे सव्वादोन तास लागतात, ब्रसेल्सला दोन आणि ॲमस्टरडॅमला चार. खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटरहून थोडा अधिक लांब, त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली. तो ओलांडायला गाडीला वीसेक मिनिटे लागतात. खिडकीतून मासे दिसतील अशी कल्पना करून बसलेल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे, की काळोखापलीकडे काही दिसत नाही.

नव्या गाडीला १६ डबे असतात आणि लांबी सुमारे ४०० मीटर, म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलहून लांब. तिकिटावर डबा आणि आसन छापलेले असते. हमाल नसतो. माणशी दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी ८५ सेंटिमीटरपर्यंत, आणि एक हातपिशवी नेता येते. वजनाची मर्यादा नाही, पण बॅग स्वतःच उचलून डब्यात चढवायची असते. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन लहान बॅगा घ्याव्यात, एक अवजड नको.

खाण्याचे पदार्थ नेता येतात आणि विमानासारखे शंभर मिलिलिटरचे बंधनही नाही. घाटकोपर-मुलुंडच्या घरांतून निघणारा खाकरा, चिवडा निर्धास्त न्यावा. मात्र १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पनीर त्यात येतात. उलट दिशेनेही एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने अशीच बंदी घातली. मासळीला युरोपच्या नियमांत सवलत आहे. तरीही बंद डब्यात सुक्या बोंबलांची पुडी उघडण्याचे धाडस न केलेलेच बरे. मोठ्या पात्याची सुरी क्ष-किरण यंत्राशी काढून घेतली जाते.

एक नाव, दोन गाड्या

पॅरिसला एक नवाच गोंधळ होतो. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन यांच्या दरम्यान धावणाऱ्या लाल रंगाच्या थॅलिस गाड्या २०२३ मध्ये युरोस्टार या नावात विलीन झाल्या. गार द्यू नॉरवर आता युरोस्टार नावाच्या दोन तऱ्हेच्या गाड्या सुटतात. लंडनच्या गाडीसाठी वरच्या मजल्यावर जाऊन दोन्ही देशांचे पासपोर्ट-सोपस्कार करावे लागतात. ब्रसेल्स-कोलोनची गाडी शेंगेनमध्येच असल्याने ती खालच्या फलाटांवरून सुटते आणि नेहमीची सीमा-तपासणी नसते. पासपोर्ट मात्र त्या प्रवासातही जवळच ठेवावा. वाटेत पोलीस तो मागू शकतात.

पॅरिसमध्ये स्थानके अनेक आणि प्रत्येकाची दिशा ठरलेली, जशी आपल्याकडे वांद्रे टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनसची. जिनिव्हा, झुरिककडच्या जलद गाड्या गार द लियाँहून सुटतात. जर्मनीकडच्या, यात डिसेंबर २०२४ पासून सुरू झालेली बर्लिनची थेट गाडीही आली, गार द लेस्तहून. ते गार द्यू नॉरपासून सामान हलके असल्यास चालत गाठता येते. ब्रसेल्सच्या मिडी स्थानकाचे नाव डच भाषेत झाउड असे लिहितात. फलकावर दोन्ही नावे आलटून पालटून दिसतात, तेव्हा आपले स्थानक मागे गेले असे समजून घाबरू नये. या दोन्ही स्थानकांवर पाकीटमारांचा सुळसुळाट आहे. दादरच्या पुलावर पिशवी जशी पोटाशी धरतो, तशी तेथेही धरावी. गार द्यू नॉरच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकेतील तमिळांची दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. चीज आणि पावाला कंटाळलेल्यांना तेथे इडली-डोसा मिळतो.

अनेक दिवस आणि अनेक देश फिरणाऱ्यांना युरेल पास उपयोगी पडतो. भारतात राहणाऱ्यांना तो घेता येतो. युरोपात राहणाऱ्या मुलांसाठी मात्र इंटररेल हा वेगळा पास असतो. पास हाती आहे म्हणून युरोस्टारमध्ये तसेच चढता येत नाही. पासधारकांसाठी जागा मोजक्या असतात आणि आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. साधे तिकीट घ्यायचे असेल, तर ते जितके आधी घ्याल तितके सहसा स्वस्त.

गाडी चुकली, रखडली तर?

अशा प्रवासात सर्वांत मोठा धोका परतीच्या विमानाचा असतो. १८ डिसेंबर २००९ च्या रात्री हिमवृष्टीनंतर पाच युरोस्टार गाड्या बोगद्यात बंद पडल्या आणि दोन हजारांहून अधिक प्रवासी तासन्‌तास अडकले. ७ मार्च २०२५ रोजी गार द्यू नॉरजवळ दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि त्या दिवशीच्या युरोस्टार गाड्या रद्द झाल्या. साठ मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास भरपाई मागता येते, पण ती रेल्वेच्या तिकिटापुरती. वेगळे काढलेले मुंबईचे विमान चुकले, तर त्याची जबाबदारी रेल्वे घेत नाही. म्हणून लंडनहून सकाळी निघून त्याच दुपारी पॅरिसहून विमान पकडण्याचा बेत टाळावा. आदल्या दिवशी पॅरिसला येऊन राहावे. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे ऐनवेळी काढाव्या लागणाऱ्या विमान तिकिटाच्या मानाने थोडेच असतात.

युरोपाबाहेर अशी सोय हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्थानकात आहे. तेथून २३ सप्टेंबर २०१८ पासून चीनच्या मुख्य भूमीकडे अतिजलद गाड्या सुटतात आणि हाँगकाँगची व चीनची तपासणी एकाच इमारतीत होते. भारतीयांना हाँगकाँगसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि चीनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. शेनझेनला जाऊन हाँगकाँगला परतायचे आणि पुन्हा चीनमध्ये शिरायचे असेल, तर चीनच्या व्हिसावरही प्रवेशांची संख्या आधी पाहून घ्यावी.